मदत हवी आहे: डी-१० (पाठीच्या दहाव्या) मणक्याची इजा, भावाचं लघवी-संडास त्याचं त्याला करता यावं यासाठी सुरुवात कुठून?

परसबाग_राजापूर:
भाऊ २९ वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी आंबे काढताना झाडावरून पडला. डी-१०, मज्जारज्जूला पूर्ण इजा. ऑपरेशन झालंय, सर्जननी बसायला आणि हातांच्या व्यायामाला परवानगी दिलीय. हात उत्तम चालतात. फोली कॅथेटर (लघवीसाठी मूत्राशयात ठेवलेली नळी) कायम लावलेला, शौच डायपरमध्ये, पलंगावरून खुर्चीत दोघं उचलून ठेवतो. माकडहाडावर लाल डाग दिसतोय. जोतं दीड फूट, संडास परसात, भारतीय बैठकीचा. तो म्हणतो, निदान एवढं तरी माझं मला करू द्या. आधी काय शिकवू?

रिहॅब_नर्स:
ताई, आधी तो डाग. बोटाने दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर तिथे रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर रंगापेक्षा तिथला गरमपणा आणि कडकपणा जास्त सांगतो. डाग जाईपर्यंत पाठीवर झोपवू नका, कूस दर दोन तासांनी बदला. तिथे चोळायचं नाही, तेल लावून तर नाहीच. मध्ये भोक असलेली गोल उशीही नको, कडेने रक्तपुरवठा दाबला जातो. पलंगाचं डोकं उंच करून अर्धवट बसवत असाल तर तेही थांबवा: अंग खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतून फाटते.

आता लघवी. हात चांगले असलेल्या माणसाला फोली कायम ठेवण्याचं कारण सहसा नसतं. युरॉलॉजिस्टकडून मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून घ्या आणि दर काही तासांनी स्वतः कॅथेटर घालायचं तंत्र शिकवायला सांगा. पुरुषाला १२ किंवा १४ नंबरची साधी नेलाटन नळी (लघवी काढून लगेच बाहेर घ्यायची) आणि भूल असलेली जेली लागते. हात साबणाने धुवायचे, लिंग पोटाकडे उचलून सरळ धरायचं, नळी हळू सरकवायची. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूपाशी अडली तर जोर करायचा नाही. थांबून एक लांब श्वास सोडायचा, मग ती पुढे जाते. लघवी आल्यावर आणखी दोन इंच आत. हे दर ४ ते ६ तासांनी.

प्रत्येक वेळची लघवी मोजून वहीत लिहा. ४०० ते ५०० मिलीच्या वर जात असेल तर मधलं अंतर कमी करा. ताणलेल्या मूत्राशयातूनच जंतुसंसर्ग वाढतो आणि लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जाते. मधल्या वेळात गळत असेल तर डॉक्टर मूत्राशय शांत करणारं औषध देतात.

परसबाग_राजापूर:
आई म्हणते पाणी कमी प्यायला दिलं तर नळी कमी वेळा घालावी लागेल. चालेल का?

रिहॅब_नर्स:
नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर हवंच, फक्त एकदम नको. तासातासाला थोडं, आणि संध्याकाळनंतर कमी. घट्ट लघवीत खडे होतात. आणि लघवी गढूळ दिसली एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करू नका. ताप, थंडी किंवा पायांतले झटके अचानक वाढले तर लघवीचं कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघणारी तपासणी) करून मगच.

ओटी_चाकगाडी:
उचलून ठेवणं आजच बंद करा, तेवढ्यात तो शिकायला लागेल. सुताराकडून १८ मिमी प्लायची फळी करून घ्या: ७० सेंमी लांब, २० रुंद, दोन्ही टोकं उतरती, पॉलिश गुळगुळीत. खुर्ची पलंगाला साधारण ३० अंशांत, ब्रेक लावलेले, खुर्चीचा पलंगाकडचा हात (हात टेकायचा दांडा) काढलेला, पाय जमिनीवर. फळीचं टोक मांडीखाली जायला हवं. मग डोकं आणि खांदे पलंगाच्या विरुद्ध बाजूला झुकवायचे, की ढुंगण आपोआप पलंगाकडे हलकं होतं. नवशिका उलट करतो, जिकडे जायचं तिकडेच डोकं नेतो आणि अडकतो. घसटत नाही, छोट्या छोट्या उचलींनी सरकायचं. उघड्या अंगाने फळीवर बसू नये, कातडी चिकटते. आणि दोन्ही पृष्ठभाग एका उंचीचे हवेत. वर चढणं खांद्याला महाग पडतं.

खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी छाती मांड्यांवर टेकवून दोन मिनिटं पुढे झुकायचं. हातांवर चार सेकंद उचलून काही होत नाही, तेवढ्यात रक्त परत येत नाही. हवेची उशी घेतलीत तर हात खाली घालून बघा: बसण्याच्या हाडाखाली साधारण दोन सेंमी हवा उरली पाहिजे. जास्त भरलेली उशी कडक होते आणि तीही जखम करते. शिबिरातली खुर्ची बहुतेक वेळा ठराविक मापाची आणि जड असते. बसलेल्या कमरेच्या रुंदीपेक्षा दोन-तीन सेंमीच मोठी हवी.

कोकणी_उतार:
संडास न तोडताही जमतं. चाकांची, मध्ये भोक असलेली, गादीच्या सीटची कमोड खुर्ची त्याच बैठकीवर ढकलायची. दारातून निदान ८० सेंमी मोकळे हवेत. रोज एकाच वेळी, जेवणानंतर अर्ध्या तासात. डी-१० ला आतड्याचं प्रतिक्षेप (आपोआप शौच पुढे ढकलणं) सहसा शाबूत असतं, म्हणून गुदद्वारात ठेवायची बिसाकोडिलची वडी, मग हातमोजा आणि जेली लावलेलं बोट गुदद्वारात गोल फिरवायचं, १५-२० सेकंद, आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. बसणं मात्र अर्ध्या तासाच्या आत आटपा.

दीड फूट जोत्याला १:१२ उतार म्हणजे १८ फूट लांबी. अंगणात वळवून घ्या, वळणावर ५ फुटी सपाट जागा. सिमेंट ओलं असताना झाडूने आडव्या रेघा मारा, नाहीतर पावसाळ्यात शेवाळावर चाक घसरेल.

शिकवणीसाठी मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था केंद्र सरकारची आहे. जाताना लघवीची वही आणि डिस्चार्जचे कागद बरोबर न्या. यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्जही आताच भरा.