दुनळीत आधी काडतूस ठरवा

'दुनळी रायफल बनवून घ्यायचीच तर थेट .६०० ची (म्हणजे सुमारे ०.६ इंच भोकाच्या नळ्यांची) घ्या' असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो काही पटला नाही. ती सात किलोच्या आसपास भरते. झिम्बाब्वेच्या उन्हात हत्तीच्या मागावर दिवसभर ती खांद्यावर वाहून बघा, मग बोलू! .४७० नायट्रो एक्सप्रेस (मोठ्या जनावरांच्या शिकारीचं काडतूस) झाडणारी रायफल पाच किलोच्या आतबाहेर बसते, ५०० ग्रेनची (सुमारे ३२ ग्रॅमची) गोळी रानरेड्याला पुरते, आणि काडतुसं आजही बनतात.

बहुतेकांना वाटतं पैसा नक्षीकामात जातो. नक्षी हौसेची. खरी मेहनत दोन्ही नळ्यांचा मार एका जागी आणण्यात असते. कारागीर उजवी-डावी झाडतो, कागदावरची भोकं बघतो, तोंडाजवळचं डाखकाम तापवून नळ्यांमधली पाचर केसभर सरकवतो, पुन्हा झाडतो. असं कितीतरी वेळा. आणि हे सगळं एकाच भारासाठी, म्हणजे गोळी आणि दारूच्या एकाच मापासाठी! पुढे गोळीचं वजन किंवा दारू बदललीत की डावी-उजवी फाकलीच समजा. म्हणून कुठली काडतुसं वापरणार ते ऑर्डर देतानाच सांगा.

चाप दोनच ठेवा. एक बाजू बिघडली तरी दुसरी चालते.

जाता जाता: १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. तिच्या गोळ्या बंडखोरांच्या जुन्या मार्टिनी बंदुकांत (.४५० बोअरच्याच जुन्या फौजी रायफली) जातील ही भीती! .४६५ आणि .४७० चालल्या त्या यामुळेच.