मुक्कामाच्या गाडीत झोप लागायची, घरच्या गादीवर लागत नाही

मुक्कामी_वाहक:
बावीस वर्षं एसटीत वाहक आहे. त्यातली निम्मी मुक्कामाच्या गाडीवर गेली. रात्री गाडी गावात लावायची, देवळाच्या पायरीवर डबा खायचा, थोड्या गप्पा, आणि साडेदहा-अकराला मागच्या लांब बाकावर पाठ टेकली की थेट पहाटे पाचला जाग. डास, कुत्री, सप्त्याचा स्पीकर, कशाचं काही नाही. दिवाळीनंतर गुडघ्यामुळे डेपोत बसून काम मिळालंय. आता सहा इंची गादी, डोक्यावर पंखा, घरचं गरम जेवण, आणि झोप गायब. नऊला आडवा होतो, डोळा लागायला बारा वाजतात, तीनला पुन्हा टक्क जागा. मग मोबाईलात वेळ बघायची. 3.10, 3.40, 4.05. किती झोप उरली याचा हिशेब वेबिल जुळत नसल्यासारखा चालू. सातला कसाबसा उठतो. दुपारी खुर्चीत डुलकी मात्र हमखास. जायफळ घातलेलं दूध झालं, काशाची वाटी झाली. गोळी नको वाटते. काय करावं?

जागी_मी:
दादा, मी यातून गेलेय. मुक्कामाला तुम्ही नकळत योग्य तेच करत होता. उशिरा आडवं व्हायचं, पाचला उठणं सक्तीचं, आणि बाकावर झोपेशिवाय दुसरा उद्योग नाही. आता नऊ ते सात म्हणजे दहा तास गादीवर, त्यात झोप जेमतेम पाच-साडेपाच. बाकीचा वेळ गादी तुम्हाला जागं राहायलाच शिकवतेय. मला समुपदेशक ताईंनी सांगितलं ते असं: आधी दोन आठवडे वहीत झोप लिहा. सरासरी साडेपाच तास आली तर साडेअकरा ते पाच एवढाच वेळ अंथरुणात, रविवारीसुद्धा. पाच तासांच्या खाली मात्र जायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं की उठायचं, घड्याळ न बघता, आणि मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं. डोळे जड झाले तरच परत. अंथरुणातला वेळ बराचसा झोपेत जायला लागला, म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी, की पंधरा मिनिटं आधी आडवं व्हायचं. पहिला आठवडा जीव नकोसा होतो, आधीच सांगते. याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलून निद्रानाशावर करायचा उपचार. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हेच करून बघा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं 2016 मध्ये सांगितलंय.

कटिंग_बंद:
काका, चहा किती? पोटात गेलेलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. आणि घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे काकूंना विचारा. तसं असेल तर आधी डॉक्टर. फिट येत असतील किंवा बायपोलरचा त्रास असेल तर झोप कमी करण्याचा प्रयोग मनानं करू नका. पेंग येत असेल त्या दिवशी दुचाकीला हात लावू नका.

मुक्कामी_वाहक:
चहा सात. शेवटचा साडेसहाला, डेपोच्या कॅन्टीनचा, काळाकुट्ट. घोरण्याचं विचारलं तर ही म्हणते, "घोरला असता तर झोपलात एवढं तरी कळलं असतं."

मुक्कामी_वाहक:
सव्वा महिन्यानं लिहितोय. दोन आठवडे वही भरली, मग साडेअकरा ते पाच सुरू केलं. दुपारी दोननंतर चहा बंद, मोबाईल स्वयंपाकघरात. पहिल्या आठवड्यात दोनदा हिशेब चुकला, साहेबांचं ऐकून घेतलं. डेपोत शेअर रिक्षानं जात होतो. रात्री उठलो की ओट्याजवळ खुर्ची टाकून लसूण सोलायचा. टीव्ही लावून बघितला एकदा, चार वाजले, ते काही कामाचं नाही. लसणानं मात्र चौथ्या-पाचव्या पाकळीला मान पडते. आता तीनची जाग रोज येत नाही, आठवड्यातून दोनदा येते. या सोमवारपासून सव्वाअकराला आडवा होतोय. दुपारची डुलकी अजून सुटलेली नाही, खोटं कशाला बोलू.

काल रात्री एकदाच उठलो, अर्धा गड्डा झाला आणि परत जाऊन झोपलो. सकाळी ही विचारते, बाकीचा कोण सोलणार?