शब्दचर्चा : ‘स्ट्रेन’ला मराठीत काय म्हणावे? जात, प्रजाती की वाण?

विचारणा

गांजाच्या गाजलेल्या ‘स्ट्रेन्स’चा, म्हणजे वेगवेगळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रकारांचा, इतिहास सांगणाऱ्या एका दीर्घ लेखाचे मराठी भाषांतर मी सध्या करीत आहे. स्कंक नंबर वन, नॉर्दर्न लाइट्स, हेझ, व्हाइट विडो ही नावे कशी पडली आणि त्यांच्यामागे कुठली झाडे होती, हा त्याचा विषय. पहिल्या खर्ड्यात मी स्ट्रेनसाठी सरसकट ‘प्रजाती’ हा शब्द योजला होता. तपासणाऱ्या स्नेह्यांनी त्याखाली लाल रेघ ओढून ‘जात’ सुचवली. त्याप्रमाणे बदल केला, तर ‘इंडिका आणि सॅटिव्हा या जाती’ (हे गांजाच्या झाडांचे दोन मोठे गट) आणि ‘नॉर्दर्न लाइट्स ही जात’ अशी दोन वाक्ये एकाच परिच्छेदात शेजारी येऊन बसली आणि दोन्ही गोष्टी एकाच पातळीवरच्या आहेत असा भास होऊ लागला.

खरी अडचण एका वाक्यापाशी आहे. स्कंक नंबर वन हा अफगाणिस्तान, मेक्सिको आणि कोलंबिया इथल्या तीन ‘लँडरेस स्ट्रेन्स’पासून (त्या त्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या प्रकारांपासून) केलेला ‘स्टेबिलाइज्ड हायब्रिड’ (स्थिर केलेला संकर) आहे, असा मूळ वाक्याचा आशय. माझा तर्जुमा असा : ‘स्कंक नंबर वन ही तीन भूप्रजातींपासून बनलेली स्थिरीकृत संकरित प्रजाती आहे.’ वाक्य व्याकरणाने शुद्ध असावे, पण त्यातून वाचकाला काही कळेल असे मला स्वतःलाच वाटत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

आपल्या स्नेह्यांची लाल रेघ योग्य जागी पडली आहे, फक्त त्यांनी सुचवलेला पर्याय अर्ध्या वाटेवर थांबतो. मराठी पाठ्यपुस्तकांत सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड कुल, प्रजाती, जाती अशी येते. म्हणजे इंग्रजीत ज्याला जीनस म्हणतात ती आपली प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. हिंदीत मात्र जीनसला वंश आणि स्पीशीजला प्रजाति म्हणतात. हिंदीवरून मराठीत उतरलेल्या बातम्यांमुळे प्रजाती हा शब्द आपल्याकडेही स्पीशीजच्या, आणि पुढे पुढे कुठल्याही प्रकाराच्या, अर्थाने रुळू लागला. काटेकोर मराठीत कॅनाबिस (गांजाच्या झाडाचे शास्त्रीय नाव) ही सगळी मिळून एक प्रजाती होते, सॅटिव्हा ही तिच्यातली जाती, आणि नॉर्दर्न लाइट्स त्याच्याही बऱ्याच खाली येते. त्या खालच्या पायरीसाठी शेतीच्या मराठीत एक नेमका शब्द रोजच्या वापरात आहे : वाण.

‘वाण’ सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. बियाण्यांच्या व्यवहारात ‘सरळ वाण’ आणि ‘संकरित वाण’ असा स्पष्ट भेद केला जातो. सरळ वाणाचे बी शेतकऱ्याने राखून ठेवले आणि पुढच्या हंगामात पेरले, तर बहुतांशी तसेच पीक येते. संकरित वाणाचे बी राखले, तर पुढच्या पिढीत झाडे विखुरतात, एक उंच, एक ठेंगणे, एक लवकर फुलणारे, एक उशिरा. आपल्या अडलेल्या वाक्याची गुरुकिल्ली इथेच आहे, असे मला वाटते. स्कंक नंबर वनचा जन्म संकरातून झाला हे खरे, परंतु त्याची ख्याती संकरामुळे झाली नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात अफगाणी, मेक्सिकोचा अकापुल्को गोल्ड आणि कोलंबियाचा कोलंबियन गोल्ड यांचा मेळ घातल्यावर पिढ्यानपिढ्या निवड करून तो इतका स्थिर करण्यात आला, की बियांपासून वाढवलेली झाडे एकमेकांसारखी निघू लागली. म्हणून तर १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये पोहोचल्यावर पुढच्या असंख्य संकरांसाठी तो पायाचा दगड ठरला. थोडक्यात, जन्माने संकर आणि वागणुकीने सरळ वाण. ‘स्थिरीकृत संकरित प्रजाती’ या शब्दांच्या गर्दीत नेमकी हीच गोष्ट हरवली आहे.

जाता जाता : ‘गोऱ्या वाणाचा’ म्हणतो त्यातला वाण संस्कृत वर्णापासून आला आहे, म्हणजे मुळात रंग. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत शेजाराने पालटतो तो गुण आणि पालटत नाही तो वाण. पैदाशीच्या शास्त्राचा पहिला धडा याहून कमी शब्दांत सांगणे कठीण आहे.

प्रतिसाद २

वाण हा शब्द चांगला आहे, पण तो सरसकट लावण्यास माझी हरकत आहे. वाण म्हटले की वाचक एक हमी गृहीत धरतो : हे झाड इतर वाणांपेक्षा वेगळे ओळखू येते, त्याची सगळी झाडे सारखी असतात आणि हे सारखेपण पुढेही टिकते. इंग्रजीत या अर्थाचा ‘कल्टिव्हार’ हा शब्द लिबर्टी हाइड बेली या अमेरिकन उद्यानशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये घडवला, आणि लागवडीखालील वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने तो स्वीकारला. ‘स्ट्रेन’ला त्या नियमावलीत स्थान नाही. जिवाणू, विषाणू आणि प्रयोगशाळेतले उंदीर यांच्या बाबतीत तो शब्द शास्त्रीय आहे. गांजाच्या बाबतीत तो बाजाराने उचललेला आहे.

या बाजारी नावांचा भरवसा किती धरावा, याचा एक दाखला देतो. कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये गांजाचे ८१ आणि तागासारख्या धाग्यासाठी वाढवलेल्या हेम्पचे ४३ नमुने जनुकीय पातळीवर तपासले. तेव्हा शंभर टक्के सॅटिव्हा म्हणून नोंदवलेला जमैकाचा ‘लॅम्ब्ज ब्रेड’ हा नमुना शंभर टक्के इंडिका म्हणवणाऱ्या एका अफगाणी नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. नाव एक आणि झाड दुसरे, हा प्रकार इतका सर्रास असताना प्रत्येक नावामागे ‘वाण’ लावणे म्हणजे भाषांतरकाराने मूळ लेखकापेक्षा मोठी ग्वाही देणे होईल.

शिवाय काही प्रसिद्ध नावे बियाण्याची नाहीतच. ओजी कुश आणि केमडॉग ही मुळात एकेका झाडाची नावे आहेत. केमडॉगची कथा अशी सांगतात, की १९९१ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यात एका संगीत मैफलीच्या ठिकाणी विकत घेतलेल्या मालात काही बिया सापडल्या आणि त्यांतून उगवलेल्या एका मादी झाडाचे छाटे हातोहात फिरत राहिले. सत्यासत्यता बाजूला ठेवू. शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते छाटे. छाटकलमातून वाढलेले झाड म्हणजे पिढी बदललेले अपत्य नव्हे, तेच झाड. अशा ठिकाणी मी ‘कलमी वाण’ लिहीन आणि जिथे वंशावळीची खातरी नाही तिथे ‘या नावाने विकला जाणारा गांजा’ असे सरळ लिहीन. लांबते खरे, पण खोटे होत नाही.

विचारणा (पुढे)

दोघांचेही आभार. ‘सरळ वाण’ हा शब्द मला माहीत असूनही सुचला नाही, याचे वैषम्य वाटते. आता उरले दोन प्रश्न. लँडरेससाठी ‘देशी वाण’ चालेल का? आणि इंडिका-सॅटिव्हा या जोडीचे काय करावे? लेखात एके ठिकाणी ‘उंच, अरुंद पानांची सॅटिव्हा’ आणि ‘बुटकी, रुंद पानांची इंडिका’ असे आहे, आणि त्याच लेखात हेझमध्ये दक्षिण भारतीय ‘सॅटिव्हा’चा अंश असल्याचे म्हटले आहे. इंडिकाचा अर्थच ‘भारतीय’ असताना भारतीय झाड सॅटिव्हा कसे?

प्रतिसाद ३

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो मोठा मासलेवाईक आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिले. सॅटिव्हा म्हणजे लॅटिनमध्ये ‘पेरलेली, लागवडीची’. त्याच्यासमोर युरोपात धाग्यासाठी पिकवले जाणारे झाड होते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जाती मांडली, आणि ती झाडे अरुंद पानांची होती. पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड शुल्टेस या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातली बुटकी, दाट, रुंद पानांची झाडे पाहून त्यांना इंडिका म्हटले. बीजविक्रेत्यांनी ते नाव उचलले आणि रुंद पानांच्या अफगाणी झाडांना ते कायमचे चिकटले. मग उरलेल्या उंच, अरुंद पानांच्या झाडांना, त्यांत भारतीय झाडेही आली, सॅटिव्हा म्हणण्यावाचून गत्यंतर उरले नाही. म्हणजे लामार्कने ज्याला इंडिका म्हटले, जवळपास त्यालाच आजचा बाजार सॅटिव्हा म्हणतो. आपल्या लेखातील विरोधाभास लेखकाचा नसून शब्दाच्या या प्रवासाचा आहे. स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये सगळ्यांना एकाच जातीत घालून दोन उपजाती मानल्या. त्यामुळे शास्त्रीय संदर्भात ‘उपजाती’ लिहावे, आणि बाजारी संदर्भात ‘रुंद पानांचे’ व ‘अरुंद पानांचे’ हीच विशेषणे ठेवावीत. ती दिसतात तितकी बाळबोध नाहीत. काही अभ्यासक आता याच भाषेत बोलतात.

आता लँडरेस. ‘देशी’ हा शब्द बोलणाऱ्याच्या देशाला चिकटलेला असतो. अफगाणी झाडाला देशी म्हटले की कोणाच्या देशाचे, हा प्रश्न उभा राहतो. ‘स्थानिक’ बरोबर आहे, पण त्यात काळ येत नाही. मला ‘गावरान’ सर्वांत जवळचा वाटतो. कोणा एका पैदासकाराने न घडवता एखाद्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बी राखत, आपल्या कामाला सोयीचे ते निवडत जपलेले वाण, हा लँडरेसचा अर्थ गावरानमध्ये नेमका उतरतो. शब्द थोडा घरगुती आहे, पण वस्तूही तशीच आहे.

‘कामाला सोयीचे’ हे शब्द मी जाणून वापरले. आपल्या भाषांत या झाडासाठी जुने शब्द पुष्कळ आहेत. पाणिनीने भङ्गेचे (भांगेच्या झाडाचे) शेत या अर्थी ‘भङ्ग्य’ आणि ‘भाङ्गीन’ अशी दोन रूपे दिली आहेत, म्हणजे ही लागवड व्याकरणाच्या सूत्रात येण्याइतकी सामान्य होती. पण भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही शब्द वाण सांगत नाहीत, झाडाचा भाग आणि त्यावरची प्रक्रिया सांगतात : भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा, चरस त्यावरच्या राळेचा. स्ट्रेनला चटकन प्रतिशब्द सापडत नाही, त्याचे मूळ माझ्या मते इथे आहे. आपली विभागणीच आडवी, म्हणजे झाडाच्या भागांची, होती; बाजाराची उभी, म्हणजे वंशांची, आहे.

तरीही प्रक्रियेने वाण घडवले. हिमालयात चरस उभ्या, ओल्या झाडावर तळहात घासून काढतात, तर अफगाणिस्तानात झाडे वाळवून, झोडून, राळेची पूड कापडातून चाळतात. चाळणीला सोयीचे झाड आणि तळव्याला सोयीचे झाड एकच असेल असे नाही. बंगालमध्ये तर मादी फुलोऱ्यात बी धरू नये म्हणून शेतातली नर झाडे वेळेवर उपटण्यासाठी खास जाणकार बोलावत. पोद्दार किंवा परखदार म्हणवणारा हा माणूस शेतभर फिरून, फुले उमलण्याआधीच नर झाड ओळखून काढून टाकी. ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाच्या काळातल्या इंग्रजी कागदपत्रांत त्याला गांजा डॉक्टर असे गमतीदार नाव आहे. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात स्पॅनिशमधून ‘सिन्सेमिया’, म्हणजे बिनबियांचा, हा शब्द नवलाईने गाजला, तेव्हा ते काम इथे चांगलेच जुने झालेले होते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

वरील विवेचनाला विशेषनामांबद्दल एक पुरवणी. ही नावे भाषांतरित करू नयेत, मात्र ती तीन पिढ्यांत विभागून वाचावीत. गावरान वाणांची नावे ठिकाण आणि रंग-गुण यांची असतात : अकापुल्को गोल्ड, पनामा रेड, डर्बन पॉयझन. पैदासकार आला की आकडे येतात. नॉर्दर्न लाइट्स नंबर फाइव्हमधला पाच हा निवडीतल्या झाडाचा क्रमांक आहे. त्यानंतर आईबापांपैकी एखाद्याचे नाव जोडले जाते, जसे शिवा स्कंक किंवा सुपर सिल्व्हर हेझ. नाव पाहून वाण कुठल्या टप्प्यावरचा आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि म्हणूनच ‘नंबर वन’ गाळून नुसते ‘स्कंक’ लिहू नये. ब्रिटिश वृत्तपत्रांत नुसता स्कंक म्हणजे कुठलाही तीव्र गांजा, असा अर्थ रूढ झाला आहे. तिथे विशेषनामाचे सामान्यनाम झाले. ‘कुश’चेही तेच चालले आहे. हिंदुकुश पर्वतावरून आलेला हा शब्द आता त्या पर्वताशी दूरान्वयानेही संबंध नसलेल्या झाडांनाही लावतात.

आपल्या अडलेल्या वाक्यात अफगाणी झाड का आले, हेही एका उपवाक्यात सांगता आले तर पाहावे. विषुववृत्ताजवळची उंच झाडे उशिरा फुलतात आणि उत्तरेकडे थंडी पडण्याआधी तयार होत नाहीत. अफगाणी झाड ठेंगणे आणि लवकर येणारे. संकर आवडीने केला असेल, पण गरज हवामानाची होती.

विचारणा (समारोप)

सर्वांच्या सूचना एकत्र करून वाक्य पुढीलप्रमाणे केले आहे. ‘भूप्रजाती’ आणि ‘स्थिरीकृत’ दोन्ही गेले.

‘उत्तरेकडच्या छोट्या उन्हाळ्यात उंच झाडे वेळेवर तयार होत नसत, म्हणून कॅलिफोर्नियातील पैदासकारांनी मेक्सिको आणि कोलंबियातील गावरान वाणांचा अफगाणिस्तानातील ठेंगण्या, लवकर येणाऱ्या गावरान वाणाशी संकर केला, आणि त्यातून निवडत निवडत जो सरळ वाण हाती आला, तो स्कंक नंबर वन.’