जुनी व्हॅन घेताना काय बघितलं, काय राहून गेलं? तुमचे अनुभव लिहा

सांजवात
आज माळ्यावरची पत्र्याची पेटी आवरताना जुन्या व्हॅनची किल्ली सापडली. पांढरी ओम्नी. बाबांनी १९९८ साली घेतली तेव्हाच ती नऊ वर्षांची होती. रंग नुकताच मारलेला, सीटकव्हर नवं, आरशाला गणपती. आम्ही मुलं तेवढ्यावरच खूश. बाबांनी एक चक्कर मारली, हॉर्न वाजवला आणि पैसे मोजले.

पहिल्याच पावसात शिखर शिंगणापूरहून परत येताना मागच्या सीटवर माझ्या पायाला गार लागलं. मॅट उचलली तर तळाला ताटलीएवढं भोक. त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठेवलेला आणि वरून डांबर फासलेलं. डांबर सुटलं होतं, खालून रस्ता पळताना दिसत होता. आईने तिथे कापडी पिशवी कोंबली आणि घर येईपर्यंत पायाने दाबून धरली. बाबा एक शब्द बोलले नाहीत. दोन वर्षं साठवलेले पैसे होते त्यांचे.

आता भाचा डबे पोचवायला २०१२ ची इको बघतोय. रविवारी जायचंय. जे जे आठवेल ते लिहा.

पाना बारा-तेरा
ताई, वाचून वाईट वाटलं. वडिलांचं गॅरेज होतं, मी शाळेत असल्यापासून पाने देत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी गार असताना सुरू झालेली बघायची. पोचल्या पोचल्या पुढची सीट उचला (या गाड्यांचं इंजिन सीटखालीच) आणि कव्हरला हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली होती. चहा प्या, गप्पा मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. गार इंजिन सुरू झाल्यावर निळसर धूर आला की ऑइल जळतंय. सुरुवातीला भसकन येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व सील, थोडक्यात भागतं. चालवताना पण मारत राहिली तर रिंगा-पिस्टन, म्हणजे इंजिन खोलायचं काम. पांढरी वाफ थंडीत येतेच, तिला घाबरू नका. गाडी तापल्यावरही येत राहिली आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग) गेलंय.

ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवा. दुधाच्या चहासारखा फेस लागला तर काळजी करा. कमी फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला थंडीत थोडा फेस धरतो, म्हणून ऑइल मोजायची पट्टीपण काढून बघा. पट्टीवरही तसंच असेल तर तिथून निघा. तेल बघायला सीट उचलावी लागते, म्हणून कित्येक मालक वर्षानुवर्षं बघतच नाहीत, हे मी गॅरेजवर रोज बघितलंय.

ओम्नीला टायमिंग बेल्ट (इंजिनातला रबरी पट्टा) असतो. कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे कमी करून घ्या. इकोला त्या जागी चेन, ती इंजिन गार असताना खळखळते का ते कान देऊन ऐका.

खारा वारा
मालवणातून लिहितोय. आमच्याकडे इंजिन नंतर, आधी पत्रा. समुद्राकाठची गाडी वरून चकचकीत असते, पण सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत बोटाने दाबलं की पापडासारखा पत्रा तुटतो. मी पेचकसच्या मागच्या बाजूने ठोकत जातो. चांगला पत्रा टणटण वाजतो, आतून सडलेला किंवा लांबी (पुट्टी) भरलेला ठस्स वाजतो. चाकांच्या वरची कमान, दाराची रेल, बॅटरीखालची जागा आणि मागे स्प्रिंगा (ओम्नीला पाट्या) जिथे चॅसीला धरतात ती जागा. शेवटची सडली असेल तर वेल्डिंग करून घेऊ असं म्हणू नका.

पिंपळपार
आमची व्हॅन!! आठ माणसं, दोन पोती तांदूळ आणि आजीची वळकटी. पुढे बसलं की सीट खालून तापायची, उन्हाळ्यात आजी ओला टॉवेल घालून बसायची. 🙂

सांजवात
@पिंपळपार हो!! आमची आईपण तेच करायची.
@खारा वारा बाबांच्या गाडीचा तळ असाच गेला होता. ठोकून बघायचं कुणी सांगितलंच नाही हो तेव्हा.

दोन नंबर गल्ली
सीएनजी आहे का इकोला? असेल तर टाकीवरची पट्टी वाचा. दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते, तारीख कोरलेली असते. आणि आरसीवर इंधन काय लिहिलंय ते बघा. आम्ही घेतलेल्या व्हॅनला गॅस किट बसवलेलं आणि आरसीवर नुसतं पेट्रोल. एजंट म्हणाला होता होऊन जाईल. चार महिने नाव लागलं नाही. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का तेही बघा. घाईत लिहितेय, कुकर झाला.

कोरडा ओढा
२०१२ ची म्हणजे २०२७ ला १५ वर्षं. मग पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, आणि पुढे दर ५ वर्षांनी तेच. भाच्याला हा खर्च आत्ताच धरायला सांगा.

उत्तरेचा बर्फ
मिशिगनमधून. इथे मिनीव्हॅन म्हणजे सात जणांची मोठी गाडी, पण गंज तोच! हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून खातं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हणून आम्ही होंडाची जुनी ओडिसी शोधत होतो. हिच्या व्ही-सिक्स इंजिनाला टायमिंग बेल्ट, साधारण एक लाख मैलांच्या आसपास वॉटर पंपासकट बदलतात आणि खर्च मोठा. म्हणून ९५ हजार मैलांची गाडी स्वस्त दिसते. टोयोटाच्या सिएनाला २००७ पासून चेन आहे, आम्ही शेवटी तीच घेतली. ऑटोमॅटिक गिअरच्या ऑइलचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघा. लालसर ठीक, काळपट आणि जळका वास आला तर नको. बटणावरची सरकती दारं दोन्ही बाजूंची दहा-दहा वेळा उघडझाप करा, गाडी उतारावर उभी असतानाही. बाबांचा हात एकदा दारात येता येता वाचला, तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगते.

पिंपळपार
बापरे. बाबा बरे आहेत ना?

उत्तरेचा बर्फ
हो हो, नायगारा बघून आले मस्त. गाडीत मागे झोपून. 🙂

पाना बारा-तेरा
एक राहिलं. ओम्नी काय, इको काय, मागच्या चाकांवर चालते. क्लच सोडताना खालून 'टक्' असा ठोका आला की क्रॉस (मागे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा) गेलाय, ते फार खर्चाचं नाही. पण पन्नास-साठच्या वेगाला मागून 'ऊंऽऽ' असा आवाज, आणि ॲक्सिलेटर सोडल्यावर तो बदलतो, तर क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले गिअर) गेलेत. तो खर्च बसतो. म्हणून गल्लीत चक्कर मारून काही कळत नाही, हायवेला न्या, खिडक्या बंद करा, टेप बंद करा. मालक बोलत राहील, त्याला नम्रपणे गप्प बसवा.

खारा वारा
आणि किलोमीटर कमी दाखवत असेल तर पेडलचं रबर बघा. ४० हजार फिरलेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही.

सांजवात
रविवार झाला. भाचा आणि मी दोघं गेलो. सीट उचलली, इंजिन गार होतं. धूर नाही, पट्टी स्वच्छ. मी मागचं कार्पेट काढायला लागले तर मालक म्हणाले, ताई ते चिकटवलंय, राहू द्या. मी नाही राहू दिलं. खाली नवा काळा रंग, ठोकला तर ठस्स. भाच्याने खाली झोपून मोबाईलच्या उजेडात फोटो काढले, तीन ठिकाणी जोड.

घेतली नाही. पुढच्या शनिवारी बारामतीला एक बघायला जातोय, २०१४ ची. @पाना बारा-तेरा, हायवेला नेताना किती अंतर तरी चालवायची?

पाना बारा-तेरा
निदान दहा किलोमीटर. आणि परत येऊन बंद न करता पाच मिनिटं उभी ठेवा, पंखा आपोआप सुरू होतोय का बघा.