काकांचं ओमेगा ऑनलाइन लिलावात विकायचंय, आधी पॉलिश करून घेऊ का?

डोंबिवली_फास्ट
नमस्कार मंडळी. माझे मोठे काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी ६५ च्या आसपास एडनला घेतलेलं ओमेगा कॉन्स्टेलेशन आता माझ्याकडे आलंय. काकांना मूलबाळ नाही, काकू म्हणते कपाटात पडून राहण्यापेक्षा विका आणि तुम्ही तिघं भावंडं वाटून घ्या. स्टीलचं आहे, ऑटोमॅटिक, तारीख आहे, डायल मधे सपाट आणि कडेला उतरता, पालथ्या परातीसारखा. मागच्या झाकणावर वेधशाळा आणि तारे. चालतं पण दिवसाला दहा मिनिटं पुढे पळतं. डायलवर ४ च्या बाजूला तपकिरी डाग, केसवर म्हणजे बाहेरच्या स्टीलच्या डब्यावर ओरखडे. स्टेशनजवळच्या दुकानात दाखवलं तर तो म्हणाला पॉलिश मारतो, डायल नवा रंगवून देतो, एकदम शोरूम पीस, डबल पैसे येतील. घड्याळ त्याच्याकडेच ठेवून आलोय, शनिवारी बोलावलंय. विकायचं कुठे आणि सुरुवातीची बोली किती ठेवायची?

चावीवाला
अरे बाबा आधी त्या दुकानदाराला फोन कर आणि हात लावू नको म्हणून सांग, बाकीचं नंतर वाच.

केला? आता ऐक. त्या परातीसारख्या डायलला पाय-पॅन म्हणतात, आणि जुन्या घड्याळात निम्म्याहून जास्त किंमत डायलचीच असते. डाग पडलेला ओरिजिनल डायल चालतो, रंगवलेला नाही चालत. आपल्याकडे इतकी वर्षं डायल रंगवायचा धंदा चाललाय की परदेशातले लोक असल्या चकचकीत घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुक नाहीये. खाली ‘स्विस मेड’ची अक्षरं जाड झाली किंवा तिरकी बसली की फोटो बघूनच लोक पुढे जातात. पॉलिशचंही तेच, पट्टा अडकतो त्या शिंगांच्या धारा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

पुणे_जुनाबाजार
+१. मी रविवारी जुन्या बाजारात फिरतो, तिथे चारपाच ओमेगा बघावीत तेव्हा एखादाच डायल खरा निघतो. दहा मिनिटं पुढे पळतंय म्हणजे बहुतेक आतल्या केसासारख्या स्प्रिंगला मॅग्नेट लागलाय, वेढे एकमेकांना चिकटतात मग काटे पळायला लागतात. कुठल्याही बऱ्या घड्याळवाल्याकडे दोन मिनिटांत निघतं. मागचं झाकण त्याच्यासमोर बसून उघडून घे आणि फोटो काढ. आतलं मशीन तांब्याच्या रंगाचं दिसलं पाहिजे, त्यावर सिरीयल नंबर, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला केसचा नंबर, १६८.००५ असेल तर मशीन बहुतेक ५६१ निघायला हवं. चावीही बघ, ओरिजिनल दहा कोनांची असते.

सावध_माणूस
जुनी वस्तू विकायला परवाना लागतो ना? उगाच लफडं नको.

चावीवाला
@सावध_माणूस १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा साधारण १०० वर्षांच्या वरच्या वस्तूंना लागतो, हे साठ वर्षांचं पोरगं आहे. खरी भीती वेगळी, कुठे फुकट जाहिरात टाकलीस तर अर्ध्या तासात एकजण मेसेज करेल, मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर निघालोय, टोकन पाठवतो फक्त हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, एवढं काकूलासुद्धा सांगून ठेव.

लिलावाचं म्हणशील तर ईबेची भारतातली साइट २०१८ लाच बंद झाली, बाहेरच्या साइटवर विकायचं तर कुरिअर, विमा, कस्टमचे कागद हे सगळं आलं. आपल्याकडची लिलावघरं घड्याळं घेतात, पण तुझ्याकडून कमिशन कापतात आणि घेणाऱ्याकडून बोलीवर प्रीमियम वेगळा, म्हणजे घेणारा तो हिशोब करूनच बोली लावतो. सुरुवात कमी ठेव पण रिझर्व्ह लाव, त्याच्या खाली गेलं तर विकलं जात नाही. पहिले पाच दिवस काही हललं नाही तरी घाबरू नको, लोक शेवटच्या मिनिटाला उड्या मारतात. आणि बाकीच्यांनी काय भाव लावलाय ते बघू नको, विकलं गेलेल्याचे आकडे बघ, लावायला काय कोणी दहा लाखही लावेल.

नाशिकची_पोर
फोटोंचं मनावर घ्या दादा. २०२१ ला जिनिव्हात एक ओमेगा स्पीडमास्टर ३० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं आणि २०२३ ला ओमेगानेच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग जोडून केलेलं होतं. तेव्हापासून घेणारे पार भिंग घेऊन बसतात.

डोंबिवली_फास्ट
फोन लागेना म्हणून रिक्षा करून गेलो. डायल वाचला, पण एका बाजूचं शिंग त्याने घासून ठेवलंय, पलीकडच्याशी ताडून बघितलं तर लगेच कळतं. वर म्हणतो साहेब दुसरी बाजू तरी करू द्या, एकसारखं दिसेल. समोर बसून उघडून घेतलं, मशीन तांब्यासारखंच, नंबर दोन्ही सांगितलेले. चावी मात्र गोल, कधीतरी बदललेली.

चावीवाला
घासलंय ते आणि चावीचं दोन्ही लिहून टाक, त्या शिंगाचा जवळून फोटोही दे. लपवलंस आणि नंतर घड्याळ परत आलं तर दोन्हीकडचा कुरिअर खर्च तुझ्या बोडक्यावर. मूळ स्टीलची चेन आहे का? तांदळाच्या दाण्यांसारखी गुंफलेली असायची. ती असेल तर भाव चांगलाच वाढतो.

डोंबिवली_फास्ट
होती. गेली आठ वर्षं धाकट्या भावाच्या एचएमटीला लावलेली आहे 😐 आत्ताच फोन केला, म्हणतो देतो, पण माझ्या वाट्यात चेनचे वेगळे धर.