उ.: ग्लायडरसाठी पॅराशूट, साईज कुठली?

वर कोणीतरी लिहिलंय की ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) उडवताना अंगावर बांधायचा पॅराशूट मोठ्या साईजचा घ्या, पट्टे आवळता येतात. नको रे बाबा! मी ५ फूट ४ इंच, एकदा मित्राचा उसना घातला, पट्टे शेवटपर्यंत ओढूनही छातीचा बकल गळ्याशी येत होता आणि मांड्यांचे पट्टे सैल, म्हणजे उघडताना जो झटका बसतो तो कुठे बसणार विचार करा. उभं राहिल्यावर पट्टे इतके घट्ट हवेत की थोडं वाकूनच चालावं लागतं, बसलं की बरोबर होतं.

आणि दुकानात आरशासमोर नाही, कॉकपिटात बसून बघा, कॅनपी, म्हणजे वरचं काचेचं झाकण, बंद करून. पाठीवरचा पॅराशूट जाड असेल तर माणूस पुढे सरकतो, डोकं काचेला लागतं, विमान वळवायची स्टिक मागे ओढताना पोटात येते. पॅराशूट उघडायचं हँडल दोन्ही हातांनी सापडतं का तेही डोळे मिटून बघा. वजनाची मर्यादा लेबलवर असते, कपड्यांसकट धरायची.

आपल्या गोव्यात अजून एक, पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पॅराशूट काय टिकणार, म्हापशाला घरी मी तो वरच्या खोलीत ठेवतो, रीपॅकची (उघडून परत घडी घालायची) तारीख त्याच्या कार्डावर बघून. तुमचं ग्लायडर कुठलं पण?