शब्दचर्चा: भिंग 'मानांकित' असतं का? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी बडोद्यातल्या त्यांच्या वस्त्यांची नावं)

दांडिया बाजार:
मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचं भाषांतर हाती आहे. मोजमापाच्या उपकरणांत बसणारी भिंगं बनवतात. गिऱ्हाईक बरंचसं महाराष्ट्रातलं, म्हणून डब्यावरचा मजकूर आणि माहितीपत्रक मराठीत हवंय. आधी कुणीतरी केलेला मसुदा त्यांनी मला दिला, त्यात पहिलीच ओळ अशी: 'आयएसओ मानांकित, उच्च अचूकतेचे भिंग'. मला ती खटकतेय, पण का ते नेमकं सांगता येत नाही. 'प्रमाणित' केलं तर बरं होईल का? की 'प्रमाणीकृत'?

अलकापुरी:
मी पुण्याची, इथे लग्न होऊन आले. तिकडे 'आयएसओ मानांकित' अगदी रुळलेलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांवर रंगवलेलं असतं, पेपरात बातम्या येतात. त्यामुळे वाचणाऱ्याला अडणार नाही. पण मलाही तो शब्द ऐकला की टेनिस आठवतं. अग्रमानांकित खेळाडू पहिल्याच फेरीत गारद, वगैरे.

दांडिया बाजार:
तेच! मानांकन म्हटलं की क्रम लागतो, पहिला, दुसरा, बिनमानांकित. मग हे भिंग कितवं?

मकरपुरा:
मी याच धंद्यात तपासणीला आहे (तुमच्या त्या कारखान्यात नव्हे), म्हणून लिहितो. आयएसओ ९००१ मध्ये नंबर लागत नाही. कारखाना त्या अटींत बसतो किंवा बसत नाही, एवढंच. ते '९००१' म्हणजे गुण नव्हेत, मानकाचा, म्हणजे स्टँडर्डचा, क्रमांक आहे. एका गिऱ्हाइकाने मला खरंच विचारलं होतं, 'तुमचं ९००१, त्याच्या वरचं काही नाही का?'

आणि खरी चूक विशेषणात नाही, नामात आहे. आयएसओ ९००१ हे १९८७ पासूनचं मानक, ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं आहे. तक्रार आली तर काय करता, मोजायची साधनं वेळेवर तपासून घेता का, बिघडलेला माल वेगळा ठेवता का, हे त्यात बघतात. भिंगाकडे त्यातलं कुणी बघत नाही. तेव्हा 'मानांकित भिंग' जेवढं चूक तेवढंच 'प्रमाणित भिंग'ही चूक. प्रमाणित आहे तो कारखाना, आणि तोही आयएसओने केलेला नाही. जिनिव्हाची ती संस्था मानकं लिहिते, प्रमाणपत्र देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या.

रावपुरा:
'प्रमाण' या शब्दावर मुळात दोन ओझी आहेत. एक माप, एक पुरावा. प्रमाणात मीठ घाल, हे माप. वेद प्रमाण मानणे, हा पुरावा. त्यात मराठीने तिसरं चढवलं, सगळ्यांनी धरून चालायचा नमुना: प्रमाणभाषा, प्रमाणवेळ. म्हणून 'प्रमाणीकरण' लिहिलं की वाचणाऱ्याला कळत नाही, सगळ्यांसाठी एक नमुना ठरवला, कुणी दाखला दिला, की संगणकाने पासवर्ड विचारला. तिन्हींना हाच शब्द वापरलेला मी पाहिला आहे. 'प्रमाणीकृत' तर टाळाच. नमुना ठरवण्याला 'मानकीकरण', दाखला देण्याला 'प्रमाणन' असं वाटून घ्यावं. 'मानक' हिंदीतून आला म्हणून आमच्या पिढीने नाकं मुरडली, पण तो एकाच अर्थाचा आहे, हा त्याचा मोठा गुण.

वाडी:
काका, बडोद्यात 'मानक' म्हणायची गरजच काय? इथे सगळे 'धोरण' म्हणतात.

रावपुरा:
तिथेच तर पाय घसरतो. गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता आणि धोरण म्हणजे मानक. 'धोरण दसमुं' शिकलेला मुलगा 'गुणवत्तानां धोरणो' वाचतो तेव्हा त्याला दर्जाचे निकष दिसतात. मराठीत धोरण म्हणजे पुढे कसं वागायचं त्याची ठरवलेली दिशा, सरकारचं औद्योगिक धोरण असतं तसं.

मकरपुरा:
याचा घोळ मी डोळ्यांनी पाहिलाय. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ५.२ प्रमाणे कारखान्याला आपली क्वालिटी पॉलिसी लिहून माणसांपर्यंत पोचवावी लागते. एका ठिकाणी ती भिंतीवर तीन भाषांत होती, मराठीत शीर्षक 'गुणवत्ता धोरण'. मराठी म्हणून बरोबर. पण मशीनवरचे दोन गुजराती कारागीर ती पाटी कसं माप धरायचं याची समजून वाचत होते आणि मायक्रॉन कुठे लिहिलेत ते शोधत होते. गुजरातीत तिथे 'नीति' लागतं.

अलकापुरी:
मग भिंगाचं स्वतःचं मानक असतंच ना काहीतरी? त्याला काय म्हणायचं?

मकरपुरा:
असतं, ताई. ते ड्रॉइंगवर असतं. आयएसओ १०११० हे भिंगांच्या ड्रॉइंगचं मानक. त्यात '३/' पुढे पृष्ठाचा आकार, '४/' पुढे केंद्र किती सरकलेलं चालेल ते, '५/' पुढे पृष्ठावरचे दोष. '५/३×०.२५' म्हणजे ०.२५ दर्जाचे तीन दोष चालतील. हा आकडा म्हणजे दोषाच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ, मिलिमीटरमध्ये. जुनी अमेरिकन लष्करी पद्धत अजून जास्त चालते, '६०-४०' वगैरे. पहिला आकडा ओरखड्याचा, दुसरा खड्ड्याचा. खड्ड्याचे ४० म्हणजे व्यास ०.४० मिलिमीटर, सरळ हिशोब. ओरखड्याचे ६० मात्र मापाचे नव्हेत. नमुन्याच्या काचेवरच्या ओरखड्याशेजारी आपला ओरखडा दिव्याखाली धरून कोणता जास्त चमकतो ते डोळ्याने ठरवायचं. म्हणून 'उच्च अचूकता' लिहिण्याला काही अर्थ नाही. आकडा लिहा.

वाडी:
म्हणजे प्रत्यक्षाला प्रमाण नको!

मकरपुरा:
आकाराच्या बाबतीत मात्र डोळा पुरत नाही. भिंगावर नमुन्याची काच ठेवून पाऱ्याच्या हिरव्या दिव्याखाली बघतो. दोन्ही पृष्ठं तंतोतंत जुळत नसतील तर काळ्या-हिरव्या कड्या उमटतात. त्या प्रकाशाची तरंगलांबी ५४६ नॅनोमीटर, म्हणून एक कडी म्हणजे तिच्या निम्मा, २७३ नॅनोमीटरचा फरक. नवीन पोरगा भिंग हातात धरून आणतो, लगेच ठेवतो आणि ओरडतो, 'साहेब, पाच कड्या!' हाताच्या उबेने काच फुगलेली असते. मी त्याला चहा प्यायला पाठवतो. परत येईतो पाचाच्या दोन झालेल्या असतात.

दांडिया बाजार:
हे सोन्यासारखं आहे. मग त्या आकड्यांचा जो कागद भिंगासोबत जातो, त्याला प्रमाणपत्र म्हणायचं?

मकरपुरा:
तिथेच गोंधळ घालतात लोक. एकदा बाहेरून मागवलेल्या खेपेत भिंगांवर खड्डे निघाले. पुरवठादाराला फोन केला तर त्याने उत्तरादाखल आयएसओचं प्रमाणपत्र पाठवलं, चौकटीत बसवायचं, सोनेरी कडेचं. मला हवा होता त्या खेपेचा तपासणी अहवाल. दोन्हींना 'सर्टिफिकेट' म्हटलं की असं होतं.

रावपुरा:
मग त्या तपासणी अहवालाला 'दाखला' म्हणा. जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. एका माणसाची एक गोष्ट नोंदवहीत बघून लिहून दिलेली. प्रमाणपत्र गौरवाचंही असतं, दाखला कधी गौरवाचा नसतो. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख, आणि तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेत द्यायचं हा त्यांचा आग्रह. त्याच गावात आपण 'सर्टिफिकेट' या एका शब्दावर काम भागवतो.

अलकापुरी:
आणि माहितीपत्रकात 'ॲक्रेडिटेड लॅब' असेल तर? हिंदीत 'प्रत्यायन' बघितलंय.

रावपुरा:
मराठी कानाला 'प्रत्यय' म्हणजे अनुभव किंवा व्याकरणातलं शेपूट. आपल्याकडे पत्रकारांची 'अधिस्वीकृती' असते, तोच शब्द चालेल: अधिस्वीकृत प्रयोगशाळा. मोजमापाच्या प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ लागतं, ९००१ नव्हे, आणि आपल्या देशात ती अधिस्वीकृती एनएबीएल ही प्रयोगशाळा तपासणारी संस्था देते. दुसऱ्याला दाखला देणाऱ्याची लायकी आधी तिसऱ्याने तपासलेली असणं, हा अर्थ त्यात नीट येतो.

मकरपुरा:
काका, मानलं.

दांडिया बाजार:
मी असं केलं: 'आयएसओ ९००१ नुसार प्रमाणित कारखान्यात बनवलेले भिंग. पृष्ठदोष ६०-४०. सोबत तपासणीचा दाखला.' मालकांना पाठवलं. ते म्हणाले, डबा आगपेटीएवढा आहे, एवढं मावत नाही, काहीतरी काढा. मी पहिलं वाक्य काढलं.

वाडी:
हाच मजकूर गुजरातीत करताना जपून. तिथे 'दाखलो' म्हटलं की पोरं पाटी-पेन्सिल घेऊन गणित सोडवायला बसतात.